शेजारच्या घरांतील वृद्ध व आपलें कर्तव्य

दुसऱ्याच्या घरांत चाललेल्या अन्यायाविषयीं शेजाऱ्यानें तोंड उघडावें किंवा नाहीं, हा प्रश्न जुना आहे आणि तो सोपा नाहीं. लहान लेंकरावर जुलूम होत असला तर आतां खेड्यांतलीं माणसेंही थोडीबहुत हालचाल करितात. परंतु सत्तरी ओलांडलेल्या बापाचें अंथरूण गोठ्याशेजारीं टाकलेलें असतें, म्हाताऱ्या आईपुढें शिळा तुकडा सरकविला जातो, तिला सर्वांदेखत अद्वातद्वा बोललें जातें, आणि आपण येतांजातां तें पाहून एवढेंच म्हणतों, "ती त्यांच्या घरची गोष्ट आहे." असें म्हटलें म्हणजे मनाला बरें वाटतें. त्यांत शेजाऱ्याची मर्यादा आहे, सभ्यपणा आहे, भांडण टाळण्याचें शहाणपणही आहे. तरी त्यांत सत्य किती आणि पळवाट किती, याचा विचार आमच्या मंडळ्यांनीं एकदां नीट केला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

छळ हा शब्द ऐकला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें काठी उभी राहते. मारहाण होते हें खरें, परंतु वृद्धांचा पुष्कळसा छळ हात न उगारतां होतो. चष्म्याची काडी मोडली, ती सहा महिने कोणी बसवून आणीत नाहीं. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, त्या पुढच्या बाजारीं आणूं म्हणतां म्हणतां तीन बाजार जातात. जेवण देतांना ताट जमिनीवर आदळून ठेवितात. नातवंडांस सांगण्यांत येतें कीं, आजाजवळ बसूं नका, त्याच्या अंगाला वास येतो. आणि वास कां येतो, तर त्याला अंघोळीस पाणी तापवून देणारें कोणी नाहीं. पाहुणे आले म्हणजे म्हातारीला मागल्या दारीं बसवितात. यांतलें एकेक कृत्य पंचांपुढें न्यावें इतकें मोठें नाहीं, आणि त्यामुळेंच तें रोज करितां येतें. शिवाय ज्याला उठावयास, पाणी प्यावयास, परसाकडे जावयास दुसऱ्याचा हात लागतो, त्यानें त्याच हाताविरुद्ध तक्रार कशी करावी?

वैद्यांचें व सरकारांचें लक्ष या विषयाकडे फार उशिरां गेलें. इंग्लंडांतील वैद्यकीय नियतकालिकांत म्हाताऱ्या बायकांस घरांत होणाऱ्या मारहाणीविषयीं १९७५ सालीं लिहून आलें, आणि वृद्धांच्या छळाविषयीं जागृति व्हावी म्हणून १५ जून हा दिवस पाळण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांनीं केला तो २०११ सालीं. पुढें २०१७ सालीं २८ देशांतील ५२ पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हां असें दिसलें कीं, साठीच्या पुढील सहा माणसांपैकीं सुमारें एकाला मागील वर्षभरांत कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागला होता. आपल्या देशांत २०१७-१८ सालीं वृद्धांची जी मोठी पाहणी झाली, तींत मात्र शेंकडा सुमारें पांचच वृद्धांनीं आपणांस वाईट वागणूक मिळाल्याचें सांगितलें. प्रश्न विचारण्याच्या रीती निरनिराळ्या असतात हें आम्ही जाणतों. तरी या आंकड्यांवरून आपलीं घरें इतरांच्या घरांपेक्षां तिपटीनें चांगलीं आहेत असें कोणास म्हणावयाचें असेल, तर तो म्हणो. आमच्यानें म्हणवत नाहीं. दोन खणांच्या घरांत एकांत तो कोठून असावा? आंत सून भाकरी थापीत असते, दाराशीं मुलगा उभा असतो, आणि परका मनुष्य विचारतो, "बाबा, तुम्हांला घरांत कोणी त्रास देतं का?" त्या म्हाताऱ्यानें काय सांगावें, अशी आपली अपेक्षा आहे?

म्हातारीं माणसें बोलत नाहींत याचीं कारणें आपणां सर्वांस ठाऊक आहेत. भीति असते, आज बोललें तर उद्यां काय, ही. लाज असते, ज्या मुलाचें कौतुक चार गांवांत केलें, त्याचीच कागाळी आतां कोणत्या तोंडानें सांगावी? आणि या दोहोंपेक्षां बळकट असें प्रेम असतें. "आपलेच दांत आणि आपलेच ओठ," असें म्हणून म्हातारी डोळे पुसते, आणि मुलाला पोलीस धरतील या नुसत्या कल्पनेनें घाबरून, "मीच पडले हो उंबऱ्यावर," असें सांगते. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण तिनें जन्मभर पाळलेली असते.

येथें कोणी उत्पत्तीच्या पुस्तकाचा नववा अध्याय काढून दाखवील. नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या डेऱ्यांत उघडा पडला, तेव्हां शेम व याफेथ पाठमोरे चालत गेले आणि त्यांनीं बापाला झांकलें. त्या अर्थीं घरांतली उणीव झांकणें हाच धर्म नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, तो उतारा पुन्हां वाचावा. त्या दोघांनीं बापाची लाज झांकली. ज्या भावानें बापाची अप्रतिष्ठा केली, त्याच्या कृत्यावर त्यांनीं वस्त्र टाकलें नाहीं, आणि शास्त्रानेंही टाकलें नाहीं; त्याचें नांव लिहून ठेविलें आहे. आपण गांवांत नेमकें उलट करितों. बाप उघडा राहतो, आणि वस्त्र मुलाच्या अब्रूवर पडतें.

पांचवी आज्ञा आपण शब्बाथशाळेंतल्या पोरांकडून पाठ करून घेतों, आणि ती पोरांसाठींच दिलेली आहे असें समजून वागतों. परंतु सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं जी मंडळी उभी होती, तींत कर्ते पुरुष व कर्त्या बायका होत्या. त्यांच्याबरोबर थकलेले आईबाप होते, आणि वाट रानांतली होती. अशा वाटेवर थकलेल्या मनुष्याला मागें सोडून देणें किती सोपें! ती आज्ञा प्रथम त्यांच्या कानीं पडली. मार्काच्या सातव्या अध्यायांत प्रभूनेंही तिचा अर्थ कर्त्या माणसांपुढेंच मांडला आहे. शास्त्री व परूशी यांच्या संप्रदायाप्रमाणें एखाद्यानें आपल्या मालाला 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेला, असें म्हटलें कीं, त्यांतून आईबापांस कांहीं देण्याचें बंधन त्याच्यावर राहत नसे. संप्रदायाच्या नांवाखालीं देवाची आज्ञाच मोडली जाते, असा प्रभूनें त्यांस दोष दिला.

हें आपण परूश्यांविषयीं वाचतों आणि पान उलटतों. पण कापणीच्या सणाच्या दिवशीं मंदिराच्या अंगणांत अर्पणांचा लिलांव होतो, तेव्हां काय होतें पाहा. समजा, एक गृहस्थ एका भोपळ्याला पांचशें रुपयांची बोली बोलतो. लोक टाळ्या वाजवितात, पंच त्याचें नांव वहींत लिहितात. आणि त्याच गृहस्थाची आई अंगणाच्या कडेला कोणीतरी दिलेल्या जुन्या लुगड्यांत बसलेली असते. कोणा एका मंडळीस उद्देशून आम्ही हें लिहीत नाहीं. परंतु जेथें असें घडतें तेथें तो भोपळा 'कुर्बान' आहे, आणि ती बोली आनंदानें स्वीकारणारे पंच त्या व्यवहाराचे भागीदार आहेत. पाळकानें किंवा उपदेशकानें अशा दात्यास एका बाजूस घेऊन, "दादा, हे पैसे आधीं आईच्या चष्म्याला लावा, देवाला ते पोहोंचतील," एवढें म्हटलें, तर मंडळीचें उत्पन्न थोडें घटेल. तें घटूं द्यावें.

पैशासाठीं होणाऱ्या छळाचेंही चित्र शास्त्रांत आहे, मात्र आपण तें त्या दृष्टीनें क्वचितच पाहतों. इसहाक म्हातारा झाला व त्याची दृष्टि गेली. तेव्हां त्याच्या स्वतःच्या बायकोनें व मुलानें करडांचें कातडें हातांस गुंडाळून, आवडीचें खाणें रांधून, त्या आंधळ्या मनुष्याकडून थोरल्या मुलाचा आशीर्वाद काढून घेतला (उत्पत्ति २७). म्हाताऱ्याला संशय आला होता. त्यानें पुनःपुन्हां विचारलें, हात चांचपून पाहिले, आवाज ओळखला सुद्धां. पण खरें सांगणारें तिसरें माणूस त्याच्याजवळ नव्हतें. आम्हांस त्या अध्यायांतली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते. देवानें त्यांतूनही आपला हेतु साधला हें खरें. म्हणून कपट कांहीं चांगलें ठरत नाहीं, आणि पुढें याकोबाच्या मुलांनींही त्याला एका रक्तांत बुडविलेल्या झग्यानें फसविलें.

आज करडाच्या कातड्याचें काम कागद करितो. "अण्णा, सोसायटीचं कर्ज काढायचंय, इथं आंगठा लावा," असें सांगून बक्षीसपत्रावर आंगठा घेतात, आणि सातबारावरून म्हाताऱ्याचें नांव निघून जातें. सरकारच्या श्रावणबाळ योजनेचें निवृत्तिवेतन २०२३ सालीं दरमहा १,००० वरून १,५०० रुपये झालें. तें म्हातारीच्या नांवें बँकेंत जमा होतें. नातू तिला मोटारसायकलवर बसवून नेतो, बँकमित्राच्या यंत्रावर तिचा आंगठा टेकवितो, आणि परत येतांना तिच्या मुठींत वीस रुपये व तंबाखूची पुडी ठेवितो. आंधळ्या आईबापांस कावडींत बसवून वाहणाऱ्या मुलाचें नांव त्या योजनेला दिलेलें आहे! परंतु ह्या फसवणुकींत सामान्य मनुष्याला पुष्कळ करितां येण्यासारखें आहे, कारण इसहाकाच्या वेळीं जें तिसरें माणूस नव्हतें, तें येथें बहुधा असतेंच. जमिनीच्या बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ते गांवांतलेच कोणीतरी असतात. साक्षीला बोलाविलेल्या मनुष्यानें सही करण्यापूर्वीं, "आजोबा, हा कागद कशाचा आहे तें तुम्हांला ठाऊक आहे का?" असें मोठ्यानें विचारावें, आणि उत्तरानें समाधान झालें नाहीं तर सही करूं नये. बँकमित्रानें रक्कम म्हातारीच्या हातांत मोजून द्यावी. आमच्या उपदेशकांनीं गांवची पत्रें वाचून दाखविण्याचें काम पुष्कळ वर्षें केलें आहे. आतां पत्रें येत नाहींत, पण कागद येतात, आणि आंगठा लावण्यापूर्वीं ते वाचून दाखविणें हें काम उरलेलेंच आहे.

मग असें बोलण्याचा अधिकार तिसऱ्या मनुष्यास कोणी दिला, असें कोणी विचारील. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत यरुशलेमेंतल्या मंडळीची हकीकत आहे. रोजच्या वाटणींत ग्रीक बोलणाऱ्या लोकांच्या विधवांची हयगय होऊं लागली. तक्रार कोणी केली हें पाहण्यासारखें आहे. विधवा स्वतः प्रेषितांपुढें गेल्या असें तेथें लिहिलेलें नाहीं. त्यांच्या लोकांनीं त्यांच्यासाठीं कुरकुर केली. प्रेषितांनीं त्या लोकांस भांडखोर ठरविलें नाहीं, आणि तुम्हांस काय करावयाचें आहे, असेंही म्हटलें नाहीं. त्यांनीं त्याच कामासाठीं सात चांगलीं माणसें निवडून घेतलीं. तेव्हां ज्याला स्वतः बोलतां येत नाहीं त्याच्यासाठीं दुसऱ्यानें बोलणें, ही आमच्या मंडळीच्या आरंभापासूनची रीत आहे.

तथापि अधिकार आहे म्हणून कोणीही आरडाओरड करीत शेजाऱ्याच्या दारांत उभें राहावें, असा आमचा अर्थ नाहीं. जो शेजारी वर्षभर त्या घरीं पाऊल ठेवीत नाहीं आणि एके दिवशीं न्यायाधीश होऊन येतो, त्याचें कोणी ऐकत नाहीं. तो गेल्यावर मात्र त्याचा राग म्हाताऱ्यावर निघतो. छळाला एकांत लागतो. ज्या ओसरीवर रोज कोणी ना कोणी येऊन बसतें, म्हाताऱ्याशीं चार शब्द बोलतें, त्याच्या पायांची सूज उतरली कीं नाहीं तें विचारतें, त्या ओसरीवर हात उगारणें कठीण जातें, आणि ताट आदळणेंही कठीण जातें. म्हणून शेजाऱ्याचें काम पकडण्याचें कमी व येण्याजाण्याचें अधिक आहे. यासाठीं पद लागत नाहीं. न्हावी दाढी करावयास येतो, आशाताई गोळ्या घेऊन येते, वाणी रोज घरासमोरून जातो. ह्यांच्या दृष्टीस जें पडतें तें पाळकाच्या दृष्टीस पडत नाहीं. पाळकांविषयीं आम्ही आदरानें एक गोष्ट सांगतों. ते घरीं येतात, सर्व कुटुंबास जमवितात, वचन वाचितात, प्रार्थना करितात, चहा घेतात व निघतात. म्हाताऱ्या मनुष्याशीं एकट्यानें दहा मिनिटें बसणें त्या भेटींत होत नाहीं. "बाबा, चला, मंदिरापर्यंत पाय मोकळे करून येऊं," असें म्हणून त्याला घराबाहेर काढावें, आणि वाटेंत प्रश्न न करितां चालावें. पुष्कळ वेळां तो स्वतःच बोलूं लागतो.

जेवणाच्या वेळीं जाणें हेंही चांगलें. त्याचें कारण दुहेरी आहे. एक तर ताटांत काय पडतें तें दिसतें. दुसरें, सुनेवर खोटा आळ येत नाहीं. गांवांत ज्याची 'म्हातारचळ' म्हणून थट्टा होते, तो पुष्कळदां मेंदूचा रोग असतो. आपल्या देशांत साठीवरच्या शंभरांपैकीं सुमारें सातांस तो असावा, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत केलेला आहे. अशी म्हातारी हात धुवून उठते न उठते तोंच शेजारणीस सांगते कीं, "मला दोन दिवस कोणी जेवूं घातलं नाहीं." ती खोटें बोलत नसते, तिला आठवतच नाहीं. ऐकणारी तें चार घरीं सांगते, आणि निरपराध सुनेचें नांव सर्व गांवांत वाईट होतें.

सुनेविषयीं आणखी थोडें लिहिणें भाग आहे. म्हातारीचे हाल होऊं लागले म्हणजे गांवाचें बोट प्रथम सुनेकडे जातें. ती पहाटे उठून पाणी भरते, दिवसभर खुरपणीला जाते, सांजेला चूल पेटविते, आणि त्यांतच सासूचीं घाण झालेलीं लुगडीं धुते. जिच्या उदरीं जन्म घेतला, तिचा मुलगा त्या वेळीं पारावर पत्ते खेळत असतो. मुलगी दिवाळीला येते, "आईला नीट बघत नाहींत," म्हणून रडते व भाऊबीज घेऊन परत जाते. या बाबतींत कायद्यानें गांवापेक्षां अधिक न्याय केला आहे. मातापित्यांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयींचा जो कायदा २००७ सालीं झाला, त्यांत निर्वाहाचा भार सज्ञान मुलगा, मुलगी व नातवंडें यांच्यावर घातला आहे. सुनेचें नांव त्यांत नाहीं. जी थकून गेली आहे तिच्या हातून एखाद्या दिवशीं धक्का बसतो, आणि दुसऱ्यांदां बसतो तेव्हां पहिल्याइतकें वाईट वाटत नाहीं. अशा घरीं उपदेश करावयास जाणाऱ्या बायकांनीं उपदेश बाजूस ठेवून सकाळचें धुणें आपल्याकडे घ्यावें. वर्षांतून आठ दिवस तिला माहेरीं जातां यावें म्हणून स्त्रियांच्या सभेनें पाळी लावून म्हातारीजवळ झोपावें. छळ थांबविण्याचा हा उपाय आम्ही कोठल्याही शिक्षेपेक्षां वरच्या दर्जाचा समजतों.

सर्वच वृद्ध दयाळू असतात असें नाहीं. ज्या बापानें तारुण्यांत दारू पिऊन बायकोला मारलें, पोरांस शाळेंतून काढून रोजंदारीवर धाडलें, तो आज लकवा होऊन पडला आहे, आणि मुलगा म्हणतो, "त्यानं पेरलं तेंच तो कापतोय." त्या मुलाला काय उत्तर द्यावें? त्याला दुःख झालें नाहीं असें त्याला सांगूं नये. तें खोटें होईल. प्रेम वाटलेंच पाहिजे असाही आग्रह धरूं नये. प्रेम हुकुमानें येत नाहीं. परंतु आज्ञेंत चांगल्या आईबापांचा मान राख असें म्हटलेलें नाहीं, आणि पौलानें तीमथ्याला लिहितांना (१ तीमथ्य ५) जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाहीं त्याच्याविषयीं जें कठोर लिहिलें, त्यांत घरच्यांचे गुण पाहावे असें सांगितलेलें नाहीं. भाकरी, पाणी, स्वच्छ अंथरूण व औषध हें त्या बापाचें देणें आहे. तें द्यावें. बाकीचें त्या मुलानें देवाशीं बोलावें, आणि त्याचें ऐकून घेणारा एखादा मित्र मंडळींत असावा.

आतां सर्वांत कठीण प्रसंग. म्हातारी आपणांस सर्व सांगते, आणि शेवटीं हात धरून म्हणते, "पण कुणाला सांगूं नको, बाई." तिचा शब्द पाळावा काय? आम्हांस असें वाटतें कीं, वृद्ध मनुष्य लहान मूल नव्हे. आपल्या वाट्याचें किती सोसावें व मुलाची अब्रू किती राखावी हें ठरविण्याचा तिला हक्क आहे, आणि आपल्या कळवळ्याच्या भरांत तो हक्क काढून घेणें हाही एक प्रकारचा जुलूमच आहे. म्हणून प्रथम तिलाच विचारावें, "मावशी, तुम्हांला काय झालेलं पाहिजे?" बहुतेक म्हाताऱ्यांस मुलाला शिक्षा नको असते. चष्मा पाहिजे असतो, वेळेवर चहा पाहिजे असतो, नातवानें जवळ बसावें एवढेंच पाहिजे असतें. आणि हें गाजावाजा न करितां घडवून आणतां येतें. परंतु तिच्या मौनाला सीमा आहे. जेथें अन्न तोडलें आहे, जेथें अंगावर वळ दिसतात, किंवा जेथें तिची बुद्धि ठिकाणावर नसून तिला आपलें बरेंवाईट कळत नाहीं, तेथें तिचा नकार आपणांस बांधीत नाहीं. तेथें ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावें, आणि गांवांत कोणी काय म्हणेल तें म्हणूं द्यावें.

यापेक्षां कमी निकडीच्या प्रसंगीं काय करावें, तें उपदेशकांस माहीत असावें. वर सांगितलेला २००७ चा कायदा सर्व धर्मांच्या लोकांस लागू आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या, न्यायाधिकरणाकडे करावयाचा. वकील लावण्याची गरज नाहीं. वृद्धाला स्वतः जातां येत नसेल तर त्यानें अधिकार दिलेल्या दुसऱ्या मनुष्यास किंवा संस्थेस अर्ज करितां येतो, आणि न्यायाधिकरणाला आपण होऊनही दखल घेतां येते. प्रथम समेटाचा प्रयत्न होऊं शकतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरवून देतां येतो, आणि निर्वाहखर्चाचा अर्ज सामान्यतः ९० दिवसांत निकालांत काढावयाचा असतो. ज्याला मूल नाहीं, त्याची मालमत्ता ज्या नातेवाइकाला मिळणार असेल, त्याच्यावरही हा भार पडतो. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जमीन, ती अट मोडली तर, परत मिळविण्याची सोयही त्यांत आहे. परंतु अशी अट होती हें दाखवावें लागतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं म्हटलें. २०२५ च्या जानेवारींत त्याच न्यायालयानें एका आईचें बक्षीसपत्र रद्द करून दिलें. तेथें मुलानें तिला सांभाळण्याचें लिहून दिल्याचा कागद पुढें आला होता. म्हणून ज्या म्हाताऱ्याला जमीन मुलाच्या नांवें करावयाचीच आहे, त्याला सांगावें कीं, सांभाळाची अट कागदांतच लिहून घ्या. मुलगा चांगला असेल तर त्याला त्याचा राग येण्याचें कारण नाहीं. नुसता सल्ला पाहिजे असेल तर वृद्धांसाठीं १४५६७ हा देशभर चालणारा फोन क्रमांक आहे. तो मंदिराच्या फळ्यावर लिहून ठेवण्यास खडूशिवाय कांहीं खर्च नाहीं.

शेवटीं एका अशा दुर्लक्षाविषयीं, ज्यांत कोणाचाही दुष्टपणा नाहीं. बीड व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांतल्या अनेक खेड्यांतून दसरादिवाळीनंतर कर्तीं माणसें ऊसतोडीला जातात तीं मार्चएप्रिलपर्यंत परत येत नाहींत. घरीं राहतात म्हाताराम्हातारी, आणि पुष्कळदां त्यांच्या गळ्यांत शाळेंत जाणारीं दोन नातवंडें. मुलगा कांहीं मजेसाठीं जात नाहीं. उचल घेतलेली असते, ती फेडावयाची असते. परंतु म्हातारी डिसेंबराच्या थंडींत तापानें पडली तर तिला पाणी देणारें माणूस घरीं नसतें, आणि हाल मात्र तेच होतात. या कामीं मंडळीला आधींपासून तयारी करितां येते. टोळ्या निघण्यापूर्वींच्या रविवारीं उपासना झाल्यावर कोणत्या घरीं कोण वृद्ध मागें राहणार, त्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत, मुलाचा फोन क्रमांक काय व तो कोणत्या कारखान्यावर जाणार, हें एका वहींत लिहून घ्यावें, आणि अशा प्रत्येक घराला दोन कुटुंबें नेमून द्यावीं; एकच नेमलें तर नेमकें तेंच आजारी पडतें. वही पंचांपैकीं एखाद्या बाईच्या स्वाधीन असावी, कारण म्हाताऱ्या बायका आपली अडचण पुरुषाला सांगत नाहींत.